उतरताना जड

१०० टक्के

नाशिक ते सुरगाणा नव्वद किलोमीटर, आणि तिथून उंबरमाळ आणखी वीस. एवढा रस्ता तुडवून सहादूला आपल्या थोरल्या बहिणीला, कुसाबाईला, खाली आणायचं होतं, आणि तेही संध्याकाळी पाचच्या आत. पाच वाजता सुरगाण्याच्या दवाखान्यातून रुग्णवाहिका नाशिकला निघणार होती. कुसाबाईच्या नडगीचं हाड मोडून आठ दिवस झाले होते. वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या आणि त्या कामट्यांखालचा पाय आता काळा पडत चालला होता. आज आणली तर पाय वाचेल, उद्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर फोनवर म्हणाले होते.

खरं तर झोळी होती. झोळी वाहायला गावात खांदेही होते. पण कुसाबाई अडून बसली.

"झोळीतून खाली गेलेलं माणूस वर आलेलं मी पाहिलं नाय," ती पोराला, जयरामला म्हणाली. "तुझा बाप झोळीतूनच गेला. मी जाईन ती बसून. मामाला सांग, गाडी आण."

जयराम रात्रीच निघून नऊ किलोमीटर खाली उतरला, पहाटे रेंज मिळाल्यावर त्यानं मामाला फोन लावला आणि हा निरोप शब्दन् शब्द पोचवला. वर आणखी एक वाक्य जोडलं, "जीपवाले यायला तयार नायत."

सहादूकडे गाडी होती. पण तिच्यात डिझेलचा थेंब नव्हता!

सोळा वर्षं सुरगाणा-नाशिक केलेली ती पिकअप. मागच्या वर्षी इंजिनानं मान टाकली तेव्हा भंगारवाला दारात आला होता, आणि त्याच दिवशी सातपूरच्या एका शेडमधून तेजल आली. सत्तावीस वर्षांची, हाताला ग्रीस, बोलण्यात मीठ कमी. तिनं इंजिन काढलं, क्लच काढला, मोटर आणि तिला ताब्यात ठेवणारी कंट्रोलरची पेटी बसवली, सीटच्या मागे आणि हौद्याखाली बॅटऱ्यांच्या पेट्या बसवल्या. गिअरपेटी तेवढी जुनीच ठेवली. गिअरचा दांडा होता तिथंच राहिला. पुढच्या गोष्टीत त्या दांड्याला महत्त्व आहे.

"मी पण येते," तेजल पहाटे म्हणाली.

"पोरी, घाट हाय तिथं. रस्ता नाय."

"काका, गाडी बंद पडली तर तुम्ही बॉनेट उघडून काय बघणार?"

सहादूनं तिच्यासाठी डावं दार उघडलं. बॉनेटखाली बघण्यासारखं त्याच्या ओळखीचं काहीच उरलं नव्हतं.

३१ टक्के

दिंडोरीच्या द्राक्षबागांमधून, वणीवरून, घाट चढत-उतरत गाडी नऊ वाजता सुरगाण्याच्या जीप स्टँडवर पोचली. इतकी गुपचूप की स्टँडवरचं कुत्रं चाकाजवळ झोपून राहिलं.

तेजलनं काट्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "एकतीस? माझ्या हिशेबानं छत्तीस हवे होते. उतारावर पाच टक्के परत यायला हवे होते."

सहादूनं आरशात बघून मिशी सारखी केली. त्याला काही ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.

स्टँडचा म्होरक्या गोटीराम कपातला चहा बशीत ओतत गाडीभोवती फिरला. "सहादूभाऊ, ही भाजी आणायची गाडी. शेरात बरी. उंबरमाळाच्या खिंडीत माझ्या जीपचा क्लच जळाला पंधरा दिवसांमागं."

"हिला क्लच नाय. जळायचं काय?"

"मग ढकलायचं काय ते सांग."

स्टँड हसला. गोटीराम जीपकडे गेला आणि मनगटाएवढा जाड दोर घेऊन आला. गाडीला गाडी बांधून ओढत न्यायचा हा दोर. त्या ओढण्याला ड्रायव्हर लोक टोचन म्हणतात, आणि टोचन करून आलेल्या ड्रायव्हरला महिनाभर कोणी सुपारीसुद्धा विचारत नाही. गोटीरामनं तो दोर हौद्यात टाकला.

"ऱ्हाऊ दे. येताना लागंल."

"परत आणून देईन," सहादू म्हणाला. "कोरडा."

वेल्डिंगच्या दुकानात चार्जिंग करायचं ठरलं होतं. मोठ्या जोडणीवर दोन तासांत निम्मी बॅटरी भरली असती. तेजलनं वायर लावली.

लाईट गेली.

३१ टक्के (अजूनही)

दहा.

साडेदहा. जयराम भेटला. पस्तिशीचा, सडपातळ, चालून चालून पिंढऱ्यांच्या गाठी झालेला.

पावणेअकरा. वेल्डिंगवाला म्हणाला, "येईल. काल चारला आली होती."

अकरा. तेजल गुडघ्यावर वही घेऊन आकडे मांडत होती. जायला पंचवीस टक्के. तिकडची तार आषाढातच पडलेली, वर एक दिवाही लागत नाही. येताना सगळा उतार, म्हणजे थोडी भरेल. मग खालचे अकरा किलोमीटर, त्यात एक टेकाड, म्हणजे दहा टक्के.

"काका, जमतं. अगदी काठावर जमतं. जायचं का?"

"माझी बहीण वर बसलीये," सहादू म्हणाला. "बसलीये, पोरी. झोपलेली नाय. चल."

२२ टक्के

पहिले अकरा किलोमीटर संपले तिथं ओढा होता, आणि ओढ्यावरची मोरी पावसानं नेली होती. सिमेंटचे दोन पाईप खाली वाळूत आडवे पडलेले. मध्ये चार-पाच हातांचा खड्डा, गुडघाभर पाणी आणि पाण्याखाली काय आहे ते फक्त ओढ्याला माहीत. डाव्या अंगानं, पाईपांच्या खालच्या बाजूनं, एक चिंचोळी वाट पात्रात उतरत होती.

"मामा, पाण्यात ही शॉक देईल का?" जयरामनं विचारलं.

"पेट्या बंद आहेत," तेजल म्हणाली. "शॉक बसलाच तर आधी मला बसेल. मी पुढे चालते."

आणि ती उतरली! सलवार खोचून, हातात काठी घेऊन, एकेक पाऊल चाचपत ती पाण्यातून चालली आणि गाडी तिच्या मागे. डिझेल गाडी असती तर सहादूनं गुरगुराट करून पाणी कापलं असतं. ही गाडी मुंगीच्या पावलानं चालत होती. क्लच दाबायचा नाही, रेस करायची नाही. पाय टेकवला की चाक हातभर फिरायचं, उचलला की थांबायचं. एक दगड चाकाखालून निसटला. गाडी तिरकी झाली. हौद्यातल्या जयरामनं देवाचं नाव घेतलं. सहादूनं पाय तसाच ठेवला, आणि चाक त्या निसटत्या दगडावर हळूच, मांजराच्या पायानं चढलं.

पलीकडे!

सहादूनं स्टिअरिंगवर थाप मारली. पहिल्यांदाच त्याला ती आपली गाडी वाटली.

मग नऊ किलोमीटरची चढण. साग, ऐन, कारवीची रानं, कापणीला आलेल्या नागलीचे तांबूस पट्टे, आणि त्यातून लाल मुरमाचा ओरखडा वर गेलेला. खिंडीत चाकांखालून मुरूम सुटायला लागला. याच जागी गोटीरामचा क्लच जळाला होता. सहादूनं दम खाल्ला आणि पाय दाबला. गाडीनं एक बारीक, शिट्टीसारखा सूर काढला आणि चढली. थांबली. पुन्हा चढली. पण काट्यावरचा आकडा घटाघट पाणी प्यावं तसा चालला होता. अठरा. चौदा. नऊ. मधेच एक लांब उतार आला, खोलगट दरीतून पलीकडे जाणारा. सहादूला जरा हायसं वाटलं.

तेव्हा तेजलनं पाहिलं.

सहादूचा डावा हात, त्याच्याही नकळत, गिअरच्या दांड्यावर गेला आणि दांडा मागे ओढून न्यूट्रलमध्ये सोडला.

"काका. हे काय केलंत?"

"काय?"

"न्यूट्रल."

"उतार हाय ना. डिझेल वाचतं."

बोलून झाल्यावर त्याला आपलंच वाक्य ऐकू आलं.

तेजल ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सायकलला डायनामो असायचा, काका. आठवतो? चाकाला टेकवला की सायकल जड व्हायची आणि दिवा लागायचा. ही मोटर उतारावर डायनामो होते. गाडीला ओढून धरते आणि बॅटरी भरते. पण गिअरमध्ये असली तरच."

"म्हणजे वणीच्या घाटात..."

"सगळीकडे. पाच टक्के तिथं गेले, एक आत्ता."

तीस वर्षं. तीस वर्षं प्रत्येक उतारावर त्या हातानं डिझेल वाचवलं होतं. उस्तादानं शिकवलेली पहिली अक्कल ती. आणि आज त्याच अकलेनं आक्काच्या पायातलं एकेक बोट काढून घाटात टाकलं होतं.

३

उंबरमाळ.

सव्वा वाजला होता. बत्तीस घरं, एक उंबर, आणि त्याखाली बाजेवर ताठ बसलेली कुसाबाई. डोईवर पदर, हातात काठी, सुजलेला पाय फळीवर. पासष्टीची बाई, पण बसण्यात पाटलीणबाईचा तोरा.

"सादू, आलास. आवाज नाय झाला. मला वाटलं, चालत आलास."

"आक्का," सहादू म्हणाला आणि खाली बसला. त्यानं सगळं सांगितलं. आकडा तीन आहे. खाली जाताना चार भरेल. म्हणजे सात. लागणार दहा. गाडी टेकाडाच्या अलीकडे मरेल. आणि हे माझ्या हातानं झालं.

कुसाबाईनं त्याच्या हाताकडे पाहिलं. "कुठला?"

"डावा."

तिनं काठी उचलली आणि त्या हाताच्या बोटांवर एक टोला दिला. "झालं. आता पुढचं बोल."

पुढचं तेजल बोलली. ती मघापासून वहीत काहीतरी गुणत होती. "आजी, डायनामो जितका जोरात फिरवावा तितका दिवा. गाडी रिकामी उतरली तर चार टक्के. पण हौद्यात दीड टन वजन असेल तर तोच उतार आठ-नऊ टक्के देईल. गाडी चढताना हलकी हवी आणि उतरताना जड."

"मग आम्ही सगळे बसतो," जयराम म्हणाला.

"घाट आहे. माणसं नकोत. उलटली तर..." तेजलनं इकडेतिकडे पाहिलं. "दगड हवेत. पण शोधून, फोडून आणायला वेळ नाही."

सगळ्यांच्या नजरा वावराकडे वळल्या. कारण दगड समोरच होते. कुसाबाईच्या वावराचा बांध. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं वीस उन्हाळे एकावर एक रचलेला, छातीएवढा, चुन्याशिवाय उभा. त्या बांधामुळे डोंगरउतारावर मातीचा पट्टा टिकला होता, आणि त्या पट्ट्यावर नागली.

"बघता काय," कुसाबाई म्हणाली. "मोडा."

"आक्का, बांध..."

"बांध पुन्हा घालता येतो, सादू. पाय घालता येतो का? मोडा म्हणते ना."

गाव वावरात उतरलं. बायाबापड्यांची रांग लागली. दगड हातातून हातात, हौद्यात. धाड. धाड. गाडीच्या पाट्या वाकत गेल्या, टायर बसत गेले. हौद्याच्या मागच्या फाळक्याची कडी वजनानं वाकली, तेव्हा सहादूनं गोटीरामचा दोर काढला आणि फाळका आडवातिडवा आवळून बांधला. दोर शेवटी कामाला आला होता.

सव्वादोनला कुसाबाईला उचलून आत ठेवलं. पाठ डाव्या दाराला, पाय सीटवर आडवा, पायाखाली फळी. फळीचं टोक गिअरच्या दांड्यामागे बरोबर टेकलं. दांडा मागे ओढला तर फळी ढकलली जाणार होती, आणि फळीवर पाय.

"असूं दे तशीच," कुसाबाई म्हणाली.

३, ४, ५

तेजल डाव्या पायरीवर उभी, खिडकीला धरून. जयराम दगडांवर बसला, चाकाखाली टाकायला एक मोठा धोंडा मांडीवर घेऊन. सहादूनं तिसरा गिअर टाकला, पाय उचलला आणि गाडी उतारावर सोडली.

सुटली नाही! कुणीतरी मागून शेपूट धरावी तशी ती जडपणे, कण्हत, आपल्याच वजनाला आवरत उतरायला लागली.

कुसाबाईला आठवडे बाजाराच्या काट्यानं आकडे शिकवले होते. ती काचेखालचा आकडा मोठ्यानं वाचायला लागली.

"चार."

पहिलं वळण. सहादूचा हात सीटवरून उठला. काठी बोटांवर पडली.

"गप ऱ्हा," कुसाबाई हाताला म्हणाली. "पाच."

तेजल हसली. दिवसभरात पहिल्यांदा. दरीच्या अंगाला ऊन कलत होतं, खाली ओढ्याची रेघ चमकत होती आणि गाडी नागमोडी रस्त्यानं उतरता उतरता आपलंच पोट भरत होती. दुसरं वळण. तिसरं. "सहा," कुसाबाई म्हणाली. "सादू, हे वर जातंय रे. खाली जाऊन वर जातंय."

७, ७, ७

पाचव्या वळणावर काचेत लाल दिवा लागला.

"काका, कंट्रोलर तापला," तेजल ओरडली. "पकड सुटेल. ब्रेक!"

पकड सुटली.

दीड-पावणेदोन टनांची गाडी आणि दीड टनाचे दगड एकदम मोकळे झाले. समोर वळण. वळणापलीकडे आकाश. सहादूनं ब्रेक मारला. धरला. सोडला. पुन्हा मारला. जळक्या लायनरचा वास आला. पेडल मऊ पडत गेलं. डावा हात दांड्यावर गेला, आणि फळीला लागून थांबला. आक्काचा पाय! खालच्या गिअरमध्ये घ्यायची सोय नव्हती.

मग त्याचे तीस वर्षांचे हात जागे झाले. घाटात ब्रेक गेलेली गाडी कुठं न्यायची, हे त्या हातांना पाठ होतं. दरीपासून लांब. डोंगराच्या अंगाला! त्यानं स्टिअरिंग उजवीकडे मोडलं, उजवी चाकं कडेच्या पाण्याच्या चरात घातली आणि गाडीची बाजू मुरमाच्या दरडीला घासत नेली. पत्रा किंचाळला. आरसा गेला. दरडीतली माती खिडकीतून आत कोसळली. दोर कडकडला. कुसाबाईनं डोळे मिटले आणि काठी दातात धरली.

गाडी मंदावली. घासली. अडली.

जयरामनं उडी मारून धोंडा चाकाखाली ढकलला.

कुठंतरी एक भोरडी ओरडली.

"आक्का?"

कुसाबाईनं काठी तोंडातून काढली. "बसलीये अजून," ती म्हणाली.

तेजलनं बॉनेट उघडलं. ओढणी सोडली, पिण्याच्या पाण्याचा कॅन तिच्यावर रिकामा केला आणि ती ओली ओढणी कंट्रोलरच्या तापलेल्या पेटीवर पसरली. वाफ निघाली. तिच्या हाताला भाजलं, पण तिनं हात हलवला नाही. पंचवीस मिनिटं. घड्याळात साडेतीन.

"दगड टाकून देऊ या का?" जयरामनं विचारलं.

सहादूनं काट्याकडे पाहिलं. सात. अजून चार किलोमीटर उतार बाकी. रिकाम्या गाडीला तो पुरला नसता.

"एक बी दगड टाकायचा नाय," तो म्हणाला. "बैलगाडीच्या चालीनं नेतो. तापायला वेळच देत नाय तिला."

आणि त्यानं नेली. माणूस चालतो त्याहून थोडी जोरात, प्रत्येक वळणावर थांबत, पेटीला थंड होऊ देत, पुन्हा सोडत. डावा हात त्यानं मांडीखाली दाबून ठेवला होता. एका हातानं घाट उतरणारा ड्रायव्हर स्टँडवर कुणी पाहिला असता तर वेडाच म्हटलं असतं.

"अकरा," ओढ्याच्या काठावर कुसाबाईनं वाचलं.

११

लागणार होते दहा. पण हलक्या गाडीला. दीड टन दगड घेऊन टेकाड चढायचं म्हणजे सगळं मुसळ केरात.

"उतरवा," तेजल म्हणाली. "इथेच."

सहादूनं ओढ्याकडे पाहिलं. मग मोरीच्या खड्ड्याकडे. मग आक्काकडे.

"आता काय विचारतोस," कुसाबाई म्हणाली. "टाक."

दोर सोडला, फाळका पाडला आणि वीस उन्हाळ्यांचा बांध धडाडत त्या खड्ड्यात गेला. तिघांनी मिळून मोठे दगड खाली सारले, छोटे वर बसवले. पाणी दगडांच्या फटींतून वाट काढून निघून गेलं. रिकामी पिकअप त्या दगडांवरून पलीकडे गेली. यावेळी तेजलला पुढे चालावं लागलं नाही.

१

टेकाडावर चार होते. उतारावर, गिअरमध्ये, पाच झाले. मग सपाट. तीन. दोन. गाडी आपण होऊन मंद पडली, पंखा बंद, दिवे बंद, सगळं बंद, फक्त चाकं. सुरगाण्याची पहिली घरं. शाळेतून सुटलेली पोरं गाडीच्या बरोबरीनं धावली आणि पुढे निघून गेली!

पाचला सात मिनिटं कमी असताना पिकअप दवाखान्याच्या दारात उभी राहिली. कर्मचाऱ्यांनी स्ट्रेचर आणलं. कुसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग सहादूकडे.

"ही झोळीच हाय ना? चाकाची."

"आक्का, आता ऐक."

"बसूनच जाणार."

ती बसूनच गेली. पाय लांब करून, पाठीला उशी घेऊन, रुग्णवाहिकेच्या खिडकीतून बाहेर बघत.

सहादू स्टँडवर गेला. गोटीराम खांबाला टेकून उभा होता. सहादूनं दोराचं वेटोळं त्याच्या हातात दिलं. दोराला लाल माती होती, दोन पीळ तुटले होते आणि तो ओला होता.

"कोरडा देतो म्हटला होतास."

"वापरला. टोचनाला नाय."

गोटीराम वाकून काचेतून आत डोकावला. "एक? म्हंजे संपलीच होती की."

"संपली नाय," सहादू म्हणाला. "एक हाय."

आकडा नसलेलं

कुसाबाईच्या पायात आता लोखंडी सळई आहे. माघात ती पिकअपमध्ये बसून वर परतली. ओढ्यावर तिनं गाडी थांबवायला लावली. तिच्या दगडांवरून समोरून एक जीप येत होती. मग आणखी एक. मोरी झाल्यापासून खिंडीतल्या मुरमावर गावानं माती दाबली होती आणि स्टँडवाले पुन्हा वर यायला लागले होते.

ती बराच वेळ बघत बसली. घरी पोचल्यावर तिनं जयरामला सांगितलं, स्टँडवर निरोप दे. माझ्या बांधावरून जो वर येईल त्यानं खालच्या रानातला एक दगड आणायचा. मोठा. एका माणसाला उचलेल एवढा. नायतर खिंडीत मी काठी घेऊन बसते. मला बसता चांगलं येतं.

बांध गुडघ्याएवढा झालाय. गेल्या मंगळवारी गोटीरामची जीप आली. मागे माणसं खच्चून भरलेली, टपावर तांदळाची पोती, आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, एकटाच एक धोंडा. गोटीरामनं तो स्वतः उचलून बांधावर नेऊन ठेवला, हात झटकले आणि परत निघाला.

खिंडीपाशी त्यानं जीप न्यूट्रलमध्ये टाकली. पिकअपमधून मागून येणाऱ्या सहादूनं ते पाहिलं आणि आपला डावा हात मांडीखाली सरकवला.